मधुकरच्या नावाआधीचा एक शब्द

प्रशिक्षक मधुकर दुर्गेला चांदा बायसन्स या बास्केटबॉल संघाच्या मालकांनी फसवलं. आधी घरचा सामना त्याच्या हातून काढून घेतला, आणि तो हरल्यावर यानेच विकला असं जगाला सांगून स्वतः मोकळे झाले. मालकांचं नाव मी लिहिलं होतं, ते संपादकांनी खोडलं. त्यावरून आमची दोन दिवस घासाघीस झाली. नाव जाऊ दे, पण बाकीचा मजकूर कापायचा नाही, अशा बोलीवर सौदा ठरला. ज्यांना समजायचं ते समजतील. मालकांना तर समजेलच.

मधुकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी आलापल्लीच्या लाकूड डेपोत होतो. मी बल्लारपूरचा आरा मशीनवाला. पोरवयात याच धंद्यात ओंडके चढवण्या-उतरवण्याची हमाली केली आणि आता स्वतःची मशीन आहे. हल्ली लिलाव संगणकावर होतो, तरी माल पाहायला मी स्वतः जातो, कारण फोटोत पोकळ लाकूडही भरीव दिसतं. एका थप्पीतल्या भेगांवरून तिथल्या माणसाशी माझं जोरात वाजलं होतं आणि तेवढ्यात बिप्लवचा फोन आला. बिप्लव मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावातला, बायसन्समधला सगळ्यात बुटका आणि सगळ्यात चपळ खेळाडू, आता रेल्वेत आहे. "भाऊ, सर गेले," तो म्हणाला. सकाळी चहाचा कप हातात असतानाच मधुकरची मान कलली होती. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं... समोरचा माणूस माझ्या उत्तराची वाट पाहत उभा होता. मी त्याला म्हटलं, तुमचं बरोबर आहे. मी असं म्हणालेलं त्या डेपोत कोणी कधी ऐकलं नसेल.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. "बायसन्सचे वादग्रस्त माजी प्रशिक्षक मधुकर दुर्गे यांचे निधन." पुढे गाव, वय, मागे पत्नी आणि मुलगी, सगळं ठीक होतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी माजरीला त्यांच्या घरी गेलो. लोक पांगल्यावर त्याच्या पत्नी शीलावहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. रडून झालं होतं. आवाज अगदी साधा होता, दुकानात एखादी वस्तू आहे का विचारावं तसा. "भाऊ, बाकी सगळं बराबर लिवलं हाये. तेवढा 'वादग्रस्त' काढता येते का?" लाकडातली गाठ कशी काढायची ते मला माहीत आहे. छापलेला शब्द कसा काढतात ते माहीत नाही. आणि तो शब्द नुसता पेपरात नाही. खाण कॉलनीतल्या ज्या सिमेंटच्या कोर्टवर मधुकरने पिढ्या घडवल्या त्याला त्याचं नाव द्यायचं लोकांनी ठरवलं आहे. पाटीचा मजकूरही झाला. पण समितीतले दोघे-तिघे अडून बसले आहेत. म्हणतात, आधी वाद मिटू द्या. मिटवायचा कोणाशी? आरोप करणारे बोलत नाहीत आणि ज्याच्यावर केला तो आता बोलू शकत नाही.

तो कसा माणूस होता हे मला आमच्या पहिल्या भेटीतच कळलं होतं. माझी मशीन नवी होती. मधुकर माजरीच्या खाणीत स्टोअरला कामाला होता आणि संध्याकाळी कॉलनीतल्या पोरांना बास्केटबॉल शिकवायचा. रिंगमागच्या बोर्डांसाठी त्याला फळ्या हव्या होत्या. मी नेहमीच्या सवयीने भाव चढवून सांगितला. घासाघीस होईल, मग मी नाराज होत खाली येईन, शेवटी दोघेही जिंकलो असं वाटून घरी जाऊ, अशी या धंद्याची रीत असते. हा म्हणाला, "बरं." आणि सायकलला हात घातला. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, एवढे नाहीत, पुढच्या वर्षी पोट्ट्यांकडून वर्गणी जमली की येतो. ना रुसवा, ना टोमणा. मी त्याला फाटकापर्यंत जाऊ दिलं आणि मग हाक मारली. फळ्या दिल्या, वर माझाच सुतार पाठवला. घरी येऊन बायकोला म्हटलं, आज एका माणसाने एक शब्द न बोलता मला लुटलं. ती म्हणाली, तुम्हांले त्याच भाषेत समजते वाटते.

तेव्हापासून त्याचं येणं सुरू झालं. मी बोलायचो, तो ऐकायचा. माझं डोकं तापलेलं असलं की तो भुशाच्या ढिगावर बसून राहायचा आणि मी थंड झालो की म्हणायचा, "झालं? आता चहा सांग." मला सुनावणारी माणसं पुष्कळ भेटली. मला थांबवणारा हा एकच होता.

मग ती लीग आली. देशातल्या काही शहरांचे व्यावसायिक बास्केटबॉल संघ, खेळाडूंना पगार, टीव्हीवर सामने. मालक मूळचे आपल्याच भागातले, ठेकेदारीत मोठे झालेले आणि मोठ्या शहरात राहायला गेलेले. चंद्रपूरला जुनी माणसं अजून चांदा म्हणतात आणि रानगव्याला इकडे बायसनच म्हणतात, म्हणून चांदा बायसन्स. नाव मला आवडलं होतं. मधुकरला त्यांनी प्रशिक्षक म्हणून बोलावलं, कारण या दोन जिल्ह्यांतला एकही बरा खेळाडू त्याच्या हाताखालून न जाता राहिलेला नव्हता. त्यासाठी त्याने खाणीतली पक्की नोकरी वेळेआधी सोडली. वहिनींना ते जिवावर आलं होतं. मी त्यांना म्हटलं, वहिनी, असा माणूस जन्मभर स्टोअरमधले नटबोल्ट मोजत बसला तर पाप लागेल. संघात बाहेरचे खेळाडूही होते, पण मधुकरने हट्टाने जंगलपट्ट्यातले पोट्टे घेतले. त्यात बिप्लव होता, आणि एटापल्लीकडचा लालसू होता. लालसू माडिया आदिवासी, सूरजागडच्या डोंगरांकडच्या गावचा, ताडासारखा उंच. त्याच्या घरी कोणी बास्केटबॉल पाहिला नव्हता. आश्रमशाळेच्या मैदानावर तो व्हॉलीबॉल खेळताना मधुकरने त्याला हेरलं होतं.

शहराबाहेरचं एक जुनं कापसाचं गोदाम घेऊन त्याचा हॉल केला. कोर्टसाठी लाकूड कोणतं यावर बैठक बसली. मधुकरने सांगितलं की या खेळाला बाहेरून एक पांढरट, टणक लाकूड येतं, चेंडू त्याच्यावर सगळीकडे सारखा उसळतो, तेच आणा. मालक हसले. आलापल्लीचं सागवान जगभर जातं, आणि आपण चांद्यात बसून बाहेरचं लाकूड आणायचं? सगळ्या खोलीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. लाकूड माझ्याकडून जाणार होतं म्हणून नव्हे... बरं, त्यासाठीही. पण खरं सांगतो, या भागात सागवानापेक्षा काही चांगलं असू शकतं हे कोणाच्या डोक्यात शिरतच नाही. पाळण्यापासून तिरडीपर्यंत जमेल तिथे आम्ही सागवान लावू. फक्त एक गोष्ट मी तिथेच, सगळ्यांसमोर सांगितली होती. आत्ता कापलेलं लाकूड एक अख्खा उन्हाळा वाळू द्या. मालकांनी उद्घाटनाला पाहुणे ठरवून टाकले होते. फळ्या श्रावणात बसल्या. नंतर "आरावाल्याने ओला माल खपवला" असं जे माझ्या पाठीमागे बोलत होते, त्यांनी हे आता वाचावं.

लाकूड गप्प बसत नाही. पावसाळी हवेत ते फुगलं, दिवाळीनंतर आक्रसलं, कुठे फळी उचलली, कुठे खालचा सांगाडा सुटला. दिसायला कोर्ट आरशासारखं होतं. पण चेंडू आपटला की एका जागी कमरेपर्यंत यायचा आणि तिथून दोन पावलांवर गुडघ्यातच मरायचा. मधुकरने ते पहिल्याच सरावात ओळखलं. तक्रार करून झाली, काही होईना, तेव्हा त्याने पोरांना बूट काढायला लावले. रोज सरावाआधी सगळा संघ त्या फळ्यांवर अनवाणी चालायचा, बाहेरून आलेले पगारी खेळाडूसुद्धा. पहिले काही दिवस ते हसले. लालसू हसला नाही. त्याच्या गावाकडे रानात असंच चालतात, पाय आधी विचारतो आणि मग टेकतो. आठवडाभरात त्याला सगळं कोर्ट पायाने पाठ झालं. हळूहळू पोट्ट्यांनी जागांना नावं पाडली. डाव्या कोपऱ्यात चेंडू मरायचा ते "डबकं". मधल्या वर्तुळाजवळ पोकळ वाजायचं तो "ढोल". उजव्या रिंगखाली चेंडू उगीचच जास्त उडायचा, ते "सासर", कारण तिथे गेलं की फुकटचा मान मिळतो, असं बिप्लवचं म्हणणं होतं.

आणि मग आम्ही जिंकायला लागलो. मोठमोठ्या शहरांचे संघ यायचे, बिप्लव त्यांच्या खेळाडूला गोड बोलून नेल्यासारखा डबक्याकडे न्यायचा, चेंडू खाली राहायचा, हात वर जायचा. मागून कोणीतरी ओरडायचं, "वाकून पाह्य ना बे, बॉल तिकडेच राह्यला!" हॉल हसून कोसळायचा. राजुऱ्याहून, गोंडपिपरीहून, थेट सिरोंच्याहून लोक गाड्या करून येत. कापसाच्या वासाच्या त्या गोदामात बाया लेकरं घेऊन बसत. बास्केटबॉलचा एक नियम माहीत नसलेल्या माझ्या बायकोने लालसूसाठी तिळाचे लाडू करून आणले होते. या जिल्ह्यांची बातमी एरवी पेपरात कशासाठी येते ते तुम्हाला माहीत आहे. वाघाने माणूस नेला, नाहीतर जंगलात गोळीबार झाला. त्या दोन वर्षांत ती खेळाच्या पानावर येऊ लागली. बसमध्ये, पानठेल्यावर, कोर्टकचेरीच्या आवारात एकच विषय असायचा. मी नागपूरला व्यापाऱ्यांच्या बैठकीत गेलो की लोक उठून विचारायचे, तुमच्याकडचेच ना ते बायसन? मी काही न करता छाती काढून बसायचो.

त्या सगळ्या आनंदात एकटा मधुकर काळजीत असायचा. घरी आम्ही बहुतेक सामने जिंकायचो आणि बाहेर बहुतेक हरायचो. दुसऱ्यांच्या सरळ, गुळगुळीत कोर्टवर आमच्या पोरांचे हात अजूनही डबकं शोधायचे. पहिला हंगाम संपल्यावर त्याने मालकांना कोर्ट उखडून नवीन टाकायला सांगितलं. आपल्याच फायद्याची गोष्ट काढून टाका म्हणणारा माणूस मी धंद्यात पाहिला नाही. मी भडकलो. घरची जमीन ओळखणं यात चोरी कसली, असं माझं म्हणणं. तो म्हणाला, चोरी नाही, पण पोट्टे याच फळीपुरते तयार होऊन राह्यले, उद्या यांना जगात खेळायचं आहे. मालकांनी त्याला परतवून लावलं. जिंकतोय ना, मग हात लावायचा नाही.

दुसऱ्या हंगामात घरचे सगळे आणि बाहेरचे थोडे सामने जिंकून आम्ही गुणांमध्ये सगळ्यांच्या वर राहिलो. नियम असा होता की वरच्या दोन संघांत अंतिम सामना, आणि तो पहिल्याच्या घरी. म्हणजे चांद्यात. ती बातमी आली त्या संध्याकाळी चौकात ढोल वाजले. पुढच्याच आठवड्यात मालकांनी सामना स्वतःहून मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये हलवायला संमती दिली. त्यांना बदल्यात काय मिळालं ते मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते मी लिहिणार नाही. मधुकर मला घेऊन त्यांच्या बंगल्यावर गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला कोणाकडे काही मागताना पाहिलं. सामना इथेच ठेवा म्हणाला. ते जमत नसेल तर पोरांना आठ दिवस आधी तिथे सरावाला पाठवा. मालक फोनवर बोलत राहिले आणि मधेच हाताने बसा, बसा करत राहिले. शेवटी म्हणाले, मास्तर, चॅम्पियन टीमला जागा लागत नाही. बाहेर आल्यावर माझ्या तोंडून शिव्याच गेल्या. मधुकर नुसता आपल्या पायांकडे पाहत चालत होता.

तो सामना मी तिथे बसून पाहिला. आदल्या दुपारी संघ पोचला, सकाळी थोडा वेळ सराव मिळाला, संध्याकाळी खेळ. झगझगीत दिवे, काचेसारखं कोर्ट, आणि त्यावर आमची पोरं परक्या घरात आल्यासारखी. चेंडू त्यांच्या अंदाजापेक्षा बोटभर वर येत होता. बोटभरच, पण या खेळात तेवढं पुरतं. बिप्लवच्या हातून साधे पास निसटले. लालसू रिंगखाली उडी मारायचा तेव्हा चेंडू त्याच्या मनगटाला लागून जायचा. मधुकर बाकाजवळ उभा राहून हातांनी खूण करत होता, उंच धरा, उंच धरा... पण दोन वर्षांची पायाला लागलेली सवय एका संध्याकाळीत कशी सुटणार? आम्ही वाईट हरलो. शेवटची शिट्टी झाल्यावर तो प्रत्येक पोराजवळ गेला आणि प्रत्येकाच्या मानेवर हात ठेवला. मी आडदांड माणूस, पण मला तिकडे पाहवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी पत्रकारांना बोलावलं. आपल्याच माणसाने घात केला, सामना आतून विकला गेला, प्रशिक्षकाची चौकशी करू, असं ते म्हणाले. ती चौकशी आजपर्यंत झालेली नाही. कोणी मधुकरला एक प्रश्न विचारला नाही, एक कागद दाखवला नाही. पण त्या एका वाक्याचा उपयोग झाला. माझ्या संघात बेइमानी आहे, मला हे नको, असं म्हणून मालक लीगमधून बाहेर पडले आणि लोकांनी त्यांनाच बिचारे म्हटलं. पुढच्या हंगामात लीगही गुंडाळली गेली. हॉलमध्ये सोयाबीनची पोती आली. आणि काल चौकात मधुकरला खांद्यावर घेणारे आज त्याला पाहून रस्ता बदलू लागले. माजरीच्या बाजारात एकाने वहिनींसमोर विचारलं, किती भेटले?

ते ऐकल्यावर मी ठरवलं की हे सगळं बाहेर काढायचं. ओलं लाकूड, श्रावणातली घाई, हलवलेला सामना, सगळं. एका पत्रकाराला मशीनवर बोलावून ठेवलं. कोणीतरी मधुकरला सांगितलं असावं, कारण तो पत्रकाराच्या आधी पोचला. एसटीने आला होता, घामाने भिजलेला. आरा बंद करायला लावला. मी त्या आवाजात त्याचं ऐकणार नाही हे त्याला माहीत होतं.

"काय सांगनार हाये तू त्याले?" त्याने विचारलं.

"खरं ते. फळी वाकडी होती म्हणून पोट्ट्याइले दुसरीकडे खेळता आलं नाई. तू विकला नाई."

"बरं. मंग घरी जिंकलो ते कायच्यानं?"

मी आऱ्यावरचा भुसा झाडायला लागलो.

"बोल ना. तो हेच विचारन तुले."

"ते वेगळं हाये. त्याले मेहनत लागली."

"तुले समजते, मले समजते. कागद पाहनाऱ्याले नाई समजत. लालसूचा अर्ज गेला हाये वनखात्यात, खेळाडूच्या जागेवर. बिप्लवचा रेल्वेत. त्याइच्या हातात दुसरं काय हाये? हे जिंकलेले सामनेच हायेत. तू फळीचं नाव काढलं का उद्या म्हनतीन, हे तर वाकड्या फळीवर जिंकलेले पोट्टे, याइले कायची नोकरी?"

"अन् तुले बेइमान म्हनून राह्यले त्याचं काय?"

"एकट्याले म्हनून राह्यले ना? म्हनू दे. माह्यं वय झालं."

मी पुष्कळ भांडलो. निम्मंच सांगू म्हटलं, फक्त सामना हलवल्याचं सांगू. तो म्हणाला, एक धागा ओढला की बाकी येतंच. तेवढ्यात पत्रकार फाटकात आला. मधुकरने माझ्याकडे पाहिलं. सायकल घेऊन निघालेल्या त्या तरुण माणसाचा चेहरा मला त्या घामाने भिजलेल्या तोंडात दिसला, मागणं नाही, रुसवा नाही. मी पत्रकाराला चहा पाजला आणि सागवानाच्या भावाबद्दल बोलून वाटेला लावलं. तो जिवंत असेपर्यंत हे बोलायचं नाही, असा शब्द मधुकरने माझ्याकडून त्या दिवशी घेतला. मी दिला. आयुष्यात मी इतका वाईट सौदा दुसरा केला नाही...

त्यानंतर तो माजरीच्या कोर्टवर परत गेला. पगार नाही, नाव नाही. खाणीतली पोरं, भद्रावतीहून सायकलवर येणाऱ्या दोन मुली, असे जे येतील त्यांना शिकवत राहिला. माझ्याकडे यायचा, भुशाच्या ढिगावर बसायचा, चहा घ्यायचा. बायसन्सचा विषय आम्ही काढत नव्हतो. फक्त, लालसू वनरक्षक झाल्याचं सांगायला मधुकर पेढे घेऊन आला तेव्हा, मी म्हटलं, आता तरी बोलू का? "बिप्लवचं व्हायचं हाये ना अजून," तो म्हणाला आणि माझ्या हातावर दुसरा पेढा ठेवला. बिप्लवचंही झालं. तेव्हा म्हणाला, आता कायले? सगळे विसरले. सगळे विसरले नव्हते, हे त्या चार ओळींनी दाखवलं. विसरायला लागलो होतो ते आम्ही दोघेच.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी लालसू आणि बिप्लव दोघेही आले होते. वहिनींचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. मधुकरने माझा शब्द घेतला होता हे त्यांना तोवर ठाऊक नव्हतं. अंगणात उभं राहून मी त्यांना सगळं सांगितलं, आणि हेही सांगितलं की लिहिलं तर तुमच्या जिंकण्याला लोक नावं ठेवतील, ऑफिसात कोणी टोमणा मारेल. बिप्लव रडत होता, तो नुसती मान हलवत राहिला. लालसू कमी बोलतो.

"लिवा भाऊ," तो म्हणाला. "मी त्या फळीवर अनवाणी चाललो. मले त्याची लाज नाई. सरनं आमच्यासाठी लोकाइचं बोलनं खाल्लं ते आमाले पचन नाई आता."

म्हणून हे लिहिलं. पोरांनी दिलेल्या परवानगीने, आणि मधुकरच्या नाही. तो असता तर त्याने आजही आरा बंद करायला लावून मला थांबवलं असतं.

गेल्या रविवारी सकाळी मी माजरीच्या कोर्टवर जाऊन आलो. तिथे कोळशाची बारीक काळी धूळ रात्रभर बसते आणि झाडल्याशिवाय खेळता येत नाही. भद्रावतीच्या त्या दोन मुली खराटे घेऊन झाडत होत्या. रिंगच्या खांबापासून सुरुवात, मग बाहेरच्या रेषेकडे, पाऊल मागे घेत घेत, म्हणजे झाडलेल्या जागेवर आपलाच पाय उमटत नाही. हे मधुकरचं झाडणं. मी त्यांना विचारलं, असं कोणी शिकवलं? त्यांनी माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं. असंच झाडतात, म्हणाल्या. मग दोघींनी कोर्टच्या कडेला चपला काढल्या, अनवाणी एक फेरी मारली आणि नंतर बूट घातले. सिमेंटच्या सपाट कोर्टवर त्याची काही गरज नाही. पाटीसाठी रोवलेले दोन लोखंडी खांब कडेला रिकामे उभे होते.

मालक, आता तुम्हाला विचारतो. तुमचं नाव छापलं नाही, पण हे तुम्ही वाचणार. चांद्याचा सामना चांद्यातून का हलवलात? पोरांना आठ दिवस का दिले नाहीत? चौकशी करू म्हणालात, ती कुठे आहे? मधुकर दुर्गेने सामना विकल्याचा एक कण पुरावा तुमच्याकडे असेल तर तो घेऊन त्या कोर्टवर या आणि पाटीच्या खांबांजवळ उभं राहून सगळ्यांना दाखवा. मी खांब उपटून नेईन. नसेल, तर तिथेच उभं राहून शीलाबाई दुर्गेंना सांगा, की मी खोटं बोललो. ही बाई तुमच्याकडे दुसरं काही मागत नाही. मी आयुष्यभर भाव करत आलो, पडेल ते मान्य करून उठलो, पण यात मधला भाव नाही. या दोनांपैकी एक उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, आणि ते तुमच्या तोंडून हवं.